गुडघ्यातला रक्तस्राव

पुण्यात स्वारगेटच्या एसटी स्टँडवर साताऱ्याच्या गाडीतून एखादा मुलगा लंगडत उतरला, तर बघणारा म्हणतो, पाय मुरगळला असेल. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेल्या मुलाच्या घरचेही कधी कधी तसंच समजतात. मग गरम शेक होतो, मालिश होते, हाडवैद्य होतो. आत गुडघ्यात मात्र रक्त साचत असतं, आणि शेक-मालिशीने ते वाढतं. अशा वेळी बर्फ, विश्रांती आणि लवकरात लवकर फॅक्टरचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाचं, इंजेक्शन लागतं. सूज दिसायची वाट पाहू नये. सांध्यात शिरशिरी किंवा ऊब जाणवते, हे मूल स्वतःच आधी सांगतं. त्याचं ऐकावं.

जरा खरचटलं तरी रक्त वाहून जीव जाईल, ही भीती खरी नाही. हिमोफिलियात रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. लहानसं खरचटणं दाबून धरलं की बहुधा थांबतं. गुडघा, घोटा, कोपर यांत वारंवार होणारा स्राव मात्र सांधा कायमचा आखडवतो.

नात्यातल्या लग्नामुळे हे झालं, असं म्हणत आईला बोल लावतात. हिमोफिलियाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, त्याला आतेमामे लग्न लागत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तर आधी कुणालाच हिमोफिलिया नसतो. फॅक्टर 13 ची कमतरता यांसारख्या दुर्मीळ आजारांत मात्र नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो.

मुलींना असले आजार होत नाहीत, हेही चुकीचं. फॉन विलेब्रांड आजार मुलामुलींना सारखाच होतो. पाळीत दर महिन्याला अती रक्तस्राव होणाऱ्या मुलीला ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणून गप्प बसवू नका, तिची तपासणी करा. रक्त वाढावं म्हणून बीट-डाळिंब जरूर खावं, पण त्याने फॅक्टर तयार होत नाही.

उपचार फक्त श्रीमंतांचे, असंही नाही. पुण्याच्या ससून रुग्णालयात फॅक्टर मोफत मिळतं. स्वारगेटहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून पुणे रेल्वे स्टेशनला उतरलं की ससून जवळच. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातही हिमोफिलियाचं केंद्र आहे, म्हणजे प्रत्येक वेळी पुण्याला यायलाच हवं असं नाही. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे.

अशा रुग्णाला अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉल चालतं. आणि डोक्याला मार लागला, तर आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. स्कॅनच्या रांगेत थांबायचं नाही.