हरळी बांध ओलांडण्याआधी



हरळी कशी पसरते हे नांदुऱ्याच्या काळ्या रानात राबणाऱ्यांना सांगायला नको. बांधावर चार काड्या असतात तोवर कुदळीचे काम. पिकात शिरली की डवऱ्यानेही हटत नाही. उलट तुटलेला तुकडा जाईल तिथे मूळ धरतो. कर्करोगाचेही तसेच. माणूस बहुधा दगावतो तो मूळ गाठीने नव्हे, ती शरीरभर पसरल्याने.

शरीरातल्या बहुतेक पेशी शेजारच्या पेशीला धरून आपल्या जागी राहतात, गरजेपुरत्याच वाढतात. पेशीतली काही जनुके वाढ घडवतात, काही तिला वेसण घालतात. पेशीला मोकाट सोडणाऱ्या जनुकाला शास्त्रज्ञ ऑन्कोजीन म्हणतात.

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात अशी दोन जनुके बाहेरून येतात. ती एचपीव्ही नावाचा विषाणू आणतो. तो शरीरसंबंधातून लागतो, पण इतका सर्रास आढळतो की त्यात लाजण्यासारखे काही नाही. बहुतेक जणींच्या अंगातून तो आपोआप जातो. ठाण मांडून बसला, तर त्याची ई-६ आणि ई-७ ही जनुके पेशीच्या दोन वेसणी तोडतात. पेशी बेसुमार वाढतात, वाढता वाढता आणखी बिघडतात. मग त्या शेजारणीचा हात सोडतात, खालचा पडदा फोडतात आणि रक्तातून, रसवाहिन्यांतून दूर जाऊन रुजतात. याला सहसा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तोच काळ आपल्या हातातला.

याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली टाटा मेमोरियल केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक खेड्यातल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. एका गटातल्या ३४ हजार जणींना विषाणूच्या एकाच तपासणीसाठी बोलावले. दोष दिसला तिथे उपचार केले. दुसऱ्या गटातल्या ३१ हजार जणींची अशी तपासणी झाली नाही. आठ वर्षांत पुढे गेलेले कर्करोग पहिल्या गटात ३९, दुसऱ्यात ८२. मृत्यू ३४ आणि ६४. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सुरुवातीला हा रोग दुखत नाही. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने सरकारी दवाखान्यात तपासणीची चौकशी करावी. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेले, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तर एक दिवसही थांबू नये. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लस आहे, तिचीही विचारपूस करावी.

तण कमरेला लागेपर्यंत आपण डवरणी लांबवत नाही. मग घरातल्या बाईची तपासणी ‘सुगी झाल्यावर पाहू’ म्हणून का लांबवावी?