पटावरून नाव कोण काढतं?

आमच्या संस्थेच्या कार्यालयात वीसेक संगणक एकाच जाळ्यात जोडलेले आहेत. मध्यंतरी त्यांतल्या तीन संगणकांवरून आराखडे काढण्याचं सॉफ्टवेअर अचानक नाहीसं होऊ लागलं. आज आहे, उद्या नाही, आणि मग पुन्हा आपोआप हजर! पहिला संशय अर्थातच तिथे काम करणाऱ्या बाईंवर. ‘‘तुमच्याकडूनच चुकून पुसलं गेलं असेल,’’ असं त्यांना दोन-तीनदा ऐकवलं गेलं. त्या म्हणत, ‘‘मी हातसुद्धा लावला नाही.’’

खरं कोणाचं? त्यासाठी आधी हे सॉफ्टवेअर संगणकावर येतं कसं ते पाहू.

प्रत्येक संगणकापुढे बसून सॉफ्टवेअर बसवत बसण्यापेक्षा मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, एक यादी ठेवली जाते. विंडोजमध्ये २००० सालापासून ही सोय ‘ग्रुप पॉलिसी’ या नावाने आहे. संगणक सुरू होताना सर्व्हरकडून आपली यादी घेतो. यादीत असलेलं सॉफ्टवेअर आपल्याकडे नसेल तर बसवतो. शिवाय एक पर्याय निवडता येतो : यादीतून नाव गेलं, तर सॉफ्टवेअरही काढून टाकायचं. आमच्याकडे तो निवडलेला होता.

मग जाळ्याचीच जोडणी मधूनमधून तुटत असेल का? आम्हालाही तसंच वाटलं. पण वर्गातलं उदाहरण घ्या. हजेरीपट वर्गात आलाच नाही, म्हणून आपण कोणाला वर्गाबाहेर काढत नाही. पट आला आणि त्यात नाव नसेल, तरच प्रश्न येतो. संगणकाचंही तसंच आहे. यादी मिळालीच नाही तर तो आहे तेच चालू ठेवतो. सॉफ्टवेअर काढलं गेलं, याचा अर्थ यादी पोचली होती आणि त्यात नाव नव्हतं!

संगणकाच्या नोंदवहीत तसंच सापडलं. सॉफ्टवेअर पॉलिसीनेच काढलं होतं, कोणा माणसाने नव्हे. बाई सुटल्या. पण नाव जात का होतं?

आम्ही तारखांचा तक्ता केला. काहीच क्रम दिसेना. मग लक्षात आलं, की काही जण संगणक रात्रीही चालूच ठेवतात. यादी तर सुरू होतानाच तपासली जाते. म्हणून तारखांऐवजी ‘कितव्यांदा सुरू केला’ हे मांडलं. आणि क्रम स्वच्छ दिसला : एकदा आहे, एकदा नाही, पुन्हा आहे, पुन्हा नाही.

कारण एका अटीत होतं. ‘डिस्कवर २० गिगाबाइट जागा मोकळी असेल, तरच हे सॉफ्टवेअर द्यावं’, अशी चाळणी कोणीतरी चांगल्या हेतूने लावली होती. या तीन संगणकांवर २२ गिगाबाइटच्या आसपास जागा होती. सॉफ्टवेअर बसलं की त्यातली ४ जात, उरत १८. पुढच्या वेळी अट मोडली, म्हणून नाव कटलं आणि सॉफ्टवेअर गेलं. जागा पुन्हा २२ झाली, अट पुरी झाली, सॉफ्टवेअर परत! बाकीच्या संगणकांवर भरपूर जागा होती, त्यामुळे तिथे हे घडतच नव्हतं.

तर्क जुळला म्हणजे सिद्ध झाला असं नाही. एका निरोगी संगणकावर आम्ही मुद्दाम मोठ्या फायली भरून १९ गिगाबाइट जागा ठेवली आणि भाकीत केलं : पुढच्या वेळी सॉफ्टवेअर जाईल, त्याच्या पुढच्या वेळी परत येईल. तसंच झालं. मग अट बदलून मोकळ्या जागेऐवजी डिस्कची एकूण क्षमता धरली. ती सॉफ्टवेअर बसवल्याने बदलत नाही. त्यानंतर चारही संगणकांवर ते टिकून राहिलं.

वर्गात मुलांना हे कोडं जरूर घालून बघा. २२, ४ आणि २० एवढे तीन आकडे द्या आणि कागदावर दहा वेळा संगणक ‘सुरू’ करायला सांगा. आणि कधी प्रयोगाच्या वहीत मेळ लागेना, तर ‘तूच काहीतरी चुकवलंस’ म्हणण्याआधी विचारून पाहा : आपण आडव्या अक्षावर योग्य गोष्ट मांडली आहे ना?