केस उगवणारी बाटली: आत होतं तरी काय?

फुलसावंगीहून आपल्या एका श्रोत्यानं फोटो पाठवलाय. जुन्या घराच्या कोनाड्यात सापडलेली चपटी काचेची बाटली, लेबल गेलेलं, बुडाशी करडा गाळ. आजी म्हणते, 'केसांचं औषध होतं.' त्याचा प्रश्न: किती जुनी असेल, आणि विकली जाईल का?

आधी वय. बाटलीच्या कडेवरून नख फिरवा. साच्याची बारीक रेघ लागेल. ती मानेवरच संपली तर तोंड बहुधा हातानं घडवलंय. थेट ओठापर्यंत गेली तर बाटली मशीनची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सनं असं मशीन १९०३ च्या सुमारास आणलं. आपल्याकडे मात्र हातकाम बरंच नंतरपर्यंत चाललं, म्हणून नुसत्या रेघेवर किंमत सांगू नका.

आता आतलं. अमेरिकेत १९व्या शतकात असल्या बाटल्यांचा धंदा जोरात होता. आयरचं 'हेअर व्हिगर', हॉलचं 'हेअर रिन्यूअर', मिसेस ॲलनचं 'वर्ल्ड्स हेअर रिस्टोअरर'. आयरच्या मोरपंखी निळ्या बाटल्यांवर संग्राहक आजही जीव टाकतात. १८७० च्या सुमारास चार्ल्स चँडलर या रसायनशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळासाठी अशी औषधं तपासली. अनेकांत निघालं शिसं!

युक्ती साधी होती. शिशाचा क्षार आणि गंधक एकत्र आले की काळं शिशाचं सल्फाइड तयार होतं. ते केसांवर हळूहळू चढतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं, मुळापासूनच काळे होतायत. गंधक पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो, म्हणून वापरण्याआधी बाटली हलवायची. उगवत काहीच नव्हतं, रंगत होतं.

आपल्याकडे जोर सुवासिक तेलावर. कलकत्त्याचं जवाकुसुम, हेमेंद्रमोहन बोस यांचं कुंतलीन. कुंतलीनवाल्यांनी तर कथास्पर्धा ठेवली, आणि १८९६ साली बक्षीस मिळालं जगदीशचंद्र बोस यांच्या गोष्टीला. तिच्यात केसतेल समुद्रात ओतलं की वादळ शमतं! जाहिरातीला याहून काय हवं? मराठी मासिकांच्या जुन्या अंकांतही कामिनिया ऑइल, रामतीर्थ ब्राह्मी तेल हटकून दिसतं.

हसू नका, आजही रील्सवर तेच चालू आहे. खरं तर टक्कल बरं करण्याचा दावा औषधावर करायला आपल्या औषध नियमांत बंदी आहे; अनुसूची 'जे' मध्ये टक्कल आहेच. २०२४ च्या शेवटी आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले. तिथं कुठल्या तेलानं उलगडा झाला नाही. नमुने तपासले, तेव्हा रक्तात सेलेनियम जास्त आढळलं.

तर भाऊ, तुझ्या बाटलीतला गाळ कशाचा ते फोटोवरून कळत नाही. शिसं असू शकतं असंच धरून चाल. बूच उघडू नको, स्वयंपाकघरात धुऊ नको, लेकरांच्या हाती देऊ नको. आणि तळाच्या अक्षरांचा एक फोटो अजून पाठव.