‘पेण’ची अक्षरे दोन, बाइट मात्र ९

पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यातली जुनी ग्राहकयादी संगणकावर उघडली आणि नावांऐवजी अगम्य चिन्हे दिसली, तर फाइल खराब झाली असे लगेच समजू नये. फाइलमध्ये अक्षरे नसतातच. असतात ० ते २५५ मधले आकडे, म्हणजे बाइट. यूटीएफ-८ पद्धतीत ‘पेण’चे प, मात्रा आणि ण यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात: २२४-१६४-१७०, २२४-१६५-१३५, २२४-१६४-१६३. ‘रोहा’ला १२. पायथनमध्ये फाइल ‘आरबी’ पद्धतीने उघडली, की हे आकडे जसेच्या तसे मिळतात. २२४-१६४ वारंवार आले, तर मजकूर बहुधा शाबूत आहे. वाचण्याची पद्धत तेवढी चुकली. नावांच्या जागी नुसते ६३, म्हणजे प्रश्नचिन्हच असेल, तर फाइल कुणीतरी चुकीच्या पद्धतीने सेव्ह केली आहे. त्या प्रतीतून नावे परत मिळत नाहीत.