मोडलेले हाड जुळते कसे?

गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या रानात गेलात, तर तुम्हाला बांबूची बेटे दिसतील. बांबू आतून पोकळ, तरी वजनाच्या मानाने फार मजबूत. आपल्या मांडीचे किंवा दंडाचे हाडही असेच नळीसारखे असते. बाहेर टणक भाग, आत मज्जा आणि टोकांशी स्पंजासारखी जाळी. नळी वाकू लागली की सर्वांत जास्त जोर तिच्या कडांवर येतो, मध्यावर थोडाच. म्हणून पोकळ असूनही दोन्ही भक्कम ठरतात.

पण तोडलेला बांबू पुन्हा जुळत नाही. मोडलेले हाड मात्र जुळते. असे का?

एक सोपा प्रयोग

कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. एक दिवसाआड व्हिनेगर बदला. आठवडाभरात हाड रबरासारखे वाकू लागेल. आम्लात कॅल्शियमचे क्षार विरघळले व कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे उरले. क्षारांमुळे हाड टणक होते, धाग्यांमुळे चिवट.

झाडावरून पडताना आपण हात टेकतो आणि हाड वाकते. त्याची एक बाजू दाबली जाते, दुसरी ताणली जाते. हाड दाब चांगला सोसते, ताण तेवढा सोसत नाही. म्हणून ताणलेली बाजू आधी तडकते. लहान मुलांचे हाड अधिक लवचिक असते. ते कधी कधी हिरव्या फांदीसारखे एका बाजूने चिरते व दुसऱ्या बाजूने नुसते वाकते.

हाडातील कारागीर

हाड जिवंत असते. त्याच्या टणक भागातून बारीक नलिका जातात व त्यांतून रक्तवाहिन्या. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये त्यांचे वर्णन केले. म्हणून त्यांना हॅव्हर्सच्या नलिका म्हणतात. नलिकेभोवती हाडाचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे असतात. थरांमध्ये अस्थिपेशी राहतात आणि हाडावर पडणाऱ्या भाराची दखल घेतात. अस्थिजनक पेशी नवे हाड घडवतात, तर अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवतात. ही मोडतोड आणि बांधणी जन्मभर चालू असते.

हाड मोडले की फुटलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त येऊन गोठते. त्या गुठळीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांना जोडणारा मऊ, कूर्चेचा सांधा तयार होतो. याला कॅलस म्हणतात. पुढे अस्थिजनक पेशी त्याचे हाडात रूपांतर करतात. मग अस्थिभक्षक पेशी जादा भाग कोरून काढतात. हे शेवटचे काम कित्येक महिने, कधी काही वर्षेही चालते. प्लॅस्टर हाड जोडत नाही. ते फक्त टोके जागच्या जागी धरून ठेवते. जोडण्याचे काम पेशींचे आणि त्यांना लागणारा पुरवठा रक्ताचा.

रक्त अडले तर?

पूर्व विदर्भात, गोंदियातही, सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडाला रक्त मिळाले नाही की असह्य वेदना होतात. कधी मांडीच्या हाडाचे डोके मरूनही जाते.

घट्ट पट्टीनेही रक्त अडते. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहिले होते, की घट्ट बांधलेल्या हाताचे स्नायू रक्ताअभावी मरतात आणि बोटे कायमची आखडतात. हे नुकसान काही तासांतच होऊ शकते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. कोणाचे हाड मोडल्याची शंका आली, तर ते ओढू नका, चोळू नका. हातावर बांगडी किंवा अंगठी असेल तर काढा. बांबूच्या कामट्यांना कापड गुंडाळून आधार द्या. मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा सांधा हलणार नाही, असे पण सैल बांधा. बोटांची टोके उघडी ठेवा. ती गार, निळी किंवा बधिर झाली, किंवा दुखणे वाढतच गेले, तर पट्टी लगेच सैल करा. मग विलंब न करता रुग्णालय गाठा. तेथे क्ष-किरण चित्र काढून हाडाची टोके नीट बसवता येतात. प्लॅस्टर घातल्यावरही हीच लक्षणे दिसली, तर त्याच वेळी परत जा. सकाळची वाट पाहू नका.

बांबूची कामटी आधार देते, जुळवण्याचे काम हाड स्वतः करते. त्याच्याकडे जाणारी रक्ताची वाट तेवढी मोकळी ठेवा.