परिवीक्षा : अर्थ, अटी आणि अडचणी

'परिवीक्षा' हा शब्द शिक्षकवर्गाला अपरिचित नाही. नोकरीत रुजू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे आपण सर्वांनी परिवीक्षाधीन म्हणून काढलेली आहेत. त्या काळात नेमणूक असते, परंतु कायमपणा नसतो. काम पाहिले जाते, वर्तन पाहिले जाते आणि मग पुढचा निर्णय होतो. 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या धातूला 'परि' आणि 'वि' हे उपसर्ग लागून शब्द सिद्ध झाला आहे. सर्व बाजूंनी नीट पाहणे, हा त्याचा मूळ अर्थ. हाच शब्द फौजदारी न्यायालयात गुन्हा शाबीत झालेल्या माणसाच्या संदर्भात उच्चारला जातो, तेव्हा मात्र त्याचा आशय चांगल्या सुशिक्षितांनाही सांगता येत नाही, असा आमचा अनुभव आहे. कोणी तिला जामीन समजतो, कोणी माफी समजतो, तर कोणी 'पोरगा सुटला' एवढ्यावर विषय संपवतो. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. ज्या वयाच्या तरुणांवर या व्यवस्थेचा विशेष लोभ आहे, ते कालपरवापर्यंत आपल्याच वर्गात बसत होते. म्हणून तिचे स्वरूप, तिच्या अटी आणि त्या पाळताना येणाऱ्या अडचणी यांचा विचार आपण करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांतील भेद स्पष्ट करू. जामीन हा निकालापूर्वीचा. त्या वेळी आरोप सिद्ध झालेला नसतो. पॅरोल ही कारागृहात शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला काही काळापुरती मिळणारी मोकळीक होय. शिक्षेची माफी शासनाच्या अधिकारातली. परिवीक्षेत गुन्हा सिद्ध झालेला असतो, न्यायाधीशाने तसे नमूद केलेले असते. मात्र शिक्षा सुनावण्याऐवजी न्यायालय त्या माणसाकडून एक मुचलका लिहून घेते. ठरलेल्या मुदतीत शांततेने व सद्वर्तनाने राहीन, आणि बोलावणे येईल तेव्हा शिक्षा ऐकण्यासाठी हजर होईन, असे त्याने लिहून द्यावयाचे असते. शिक्षा अशा रीतीने टळलेली नसते. ती डोक्यावर टांगलेली असते. ती खाली येणार की नाही, हे त्याच्या रोजच्या वागणुकीवर अवलंबून राहते.

या व्यवस्थेचा आरंभ कोणा न्यायपंडिताने केलेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा जोडे तयार करणारा एक कारागीर होता. १८४१ साली न्यायालयात उभ्या असलेल्या एका दारुड्याला तो जामीन राहिला आणि थोड्या दिवसांनी त्याला सुधारलेल्या स्थितीत न्यायाधीशांपुढे घेऊन आला. न्यायाधीशांनी त्या माणसाला एक सेंट दंड व खर्च एवढ्यावर सोडले. पुढे १८५९ साली मृत्यू येईपर्यंत ऑगस्टसने सुमारे दोन हजार माणसांची हमी घेतली. १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने या कामासाठी कायदा केला, आणि १९०७ साली इंग्लंडने.

आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, ५६२ व्या कलमात, पहिल्याच अपराधाबद्दल अशी सवलत देण्याची तरतूद होती. तिचा विस्तार प्रांतांनी केला. मध्यप्रांत व वऱ्हाडचा परिवीक्षा कायदा १९३६ चा आणि मुंबई प्रांताचा १९३८ चा. यातील पहिल्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर नागपूरहून भोपाळला आलेल्या मराठी नोकरवर्गाला तो वारसा परका नव्हता. त्याच जुन्या मध्यप्रदेशाने १९५४ साली बंद्यांना परवान्यावर कारागृहाबाहेर ठेवण्याचा वेगळा कायदा केला. त्यात मुक्त होणाऱ्या बंद्याला शासकीय अधिकाऱ्याच्या, अथवा त्याच्या धर्माच्या एखाद्या जबाबदार व्यक्तीच्या वा संस्थेच्या देखरेखीखाली ठेवण्याची योजना होती. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली वसलेली स्वतंत्रपूरची भिंतीविना वसाहत तर मराठी वाचकाला ठाऊकच आहे. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्याच प्रयोगातून स्फुरला. या दोन्ही योजना शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी होत्या, म्हणून त्या शब्दशः परिवीक्षा नव्हेत. पण माणसाला भिंतीपेक्षा दिलेला शब्द अधिक घट्ट बांधतो, हा विश्वास त्यांच्याही मुळाशी होता.

आज या विषयाचा आधार म्हणजे १९५८ चा केंद्रीय अपराधी परिवीक्षा अधिनियम. त्याची प्रमुख कलमे थोडक्यात अशी आहेत. तिसऱ्या कलमाप्रमाणे चोरी, फसवणूक यांसारख्या काही अपराधांत, किंवा दोन वर्षांपर्यंतच कैद सांगितलेल्या अपराधांत, पूर्वी दोषी न ठरलेल्या माणसाला न्यायालय केवळ समज देऊन सोडू शकते. चौथे कलम अधिक व्यापक आहे. ज्या अपराधाला मृत्युदंड अथवा जन्मठेप सांगितलेली नाही, अशा कोणत्याही अपराधात माणसाचे चारित्र्य व प्रकरणाची परिस्थिती पाहून त्याला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या मुचलक्यावर सोडता येते. पाचव्या कलमाने नुकसानभरपाई देण्याचा हुकूम करता येतो. सहावे कलम एकवीस वर्षांखालील तरुणांविषयी आहे. त्यांना कैदेत धाडणे हा येथे अपवाद मानला असून, तसे करावयाचे झाल्यास न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून आपली कारणे लिहावी लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०१ व ४०२ या कलमांनीही हे धोरण पुढे चालविले आहे. सवलत देता येण्याजोगी असून दिली नाही, तर त्याची विशेष कारणे नोंदविणे बंधनकारक आहे. काही कायद्यांनी मात्र हे दार बंद केले आहे. अंमली पदार्थांच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुले व काही किरकोळ अपराध वगळता परिवीक्षा मिळत नाही.

नुसत्या कलमांनी विषय मनात ठसत नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. पांढुर्ण्याकडचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा भोपाळला येऊन करोंद भागात भाड्याच्या खोलीत राहतो. घरची भाषा मराठी, शिक्षण नववीपर्यंत. ज्या गोदामात कामाला होता तेथून त्याने तारेची भेंडोळी उचलली आणि पकडला गेला. मालकाच्या मालाची नोकराने केलेली चोरी. शिक्षा सात वर्षांपर्यंत. गुन्हा पहिलाच असून त्याने तो कबूल केला. आता पुढे काय होते ?

पहिली पायरी अहवालाची. परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाचे घर, संगत, शिक्षण, उपजीविका यांची चौकशी करून न्यायालयाला गोपनीय अहवाल द्यावयाचा असतो. तो चार लोकांना विचारील, त्यात कदाचित मुलाची जुनी शाळाही असेल. येथेच वयाचा प्रश्न येतो. सहाव्या कलमाचे संरक्षण अपराधाच्या दिवशीच्या वयावर अवलंबून नसून न्यायालय ज्या दिवशी शिक्षेचा विचार करते त्या दिवशीच्या वयावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने रामजी मिसर यांच्या खटल्यात ठरविले. खटला दोन वर्षे रेंगाळला, तर आपला एकोणीस वर्षांचा मुलगा एकविसाव्या वर्षाच्या रेषेपलीकडे जातो आणि त्याच्या हाती केवळ चौथ्या कलमाची आशा उरते. मुलगा अठराच्या आतला असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते, आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने वयाच्या पुराव्यांत शाळेच्या दाखल्याला अग्रस्थान दिले आहे. मध्यप्रदेशात ज्याला दाखिल-खारिज म्हणतात आणि महाराष्ट्रात जनरल रजिस्टर, त्या वहीत प्रवेशाच्या गर्दीत अंदाजाने १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख घालण्याची जुनी सवय आपल्याला माहीत आहे. त्या एका अंकाने एखाद्याची वाट कारागृहाकडे वळू शकते, हे प्रत्येक वर्गशिक्षकाने लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी ठावठिकाण्याची. मुचलका घेताना त्या मुलाचा अथवा त्याच्या जामीनदाराचा निश्चित निवास किंवा नियमित उद्योग आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. चोरीमुळे नोकरी गेली; नोकरी गेली म्हणून खोलीचे भाडे थकले; घरमालकाने सामान बाहेर ठेवले. सुटकेला जो ठावठिकाणा हवा, तोच अपराधाने हिरावून घेतला. कायद्याने जामीनदारासह अथवा जामीनदाराविना असे दोन्ही मार्ग ठेवले आहेत. परंतु जामीनदार मागितलाच, तर परक्या शहरात मजुराच्या मुलासाठी कोण सही करणार? वडील पांढुर्ण्याला, मामा संत्र्याच्या बागेत रोजंदारीवर. आरोपी पुढे जेथे राहण्याचा संभव आहे ते ठिकाणही कायद्याला चालते, ही तरतूद अशा वेळी आधाराची ठरते. मात्र ती मांडणारा कोणी जवळ असावा लागतो.

तिसरी पायरी अटींची. चौथ्या कलमाखाली न्यायालय मुलाला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते, आणि ही देखरेख एका वर्षाहून कमी मुदतीची नसते. निवास बदलू नये, मादक पदार्थांपासून दूर राहावे, पुन्हा अपराध घडू नये म्हणून न्यायालयाला योग्य वाटतील अशा आणखी गोष्टी पाळाव्या, असे हुकमात लिहिलेले असते. कागदावर या अटी सौम्य दिसतात. आता समजा, मुलाला मंडीदीपच्या कारखान्यात काम मिळाले. मंडीदीप भोपाळला लागूनच आहे, पण जिल्हा रायसेन. हजेरीचा दिवस कामाच्या पाळीत आला, तर एका दिवसाची मजुरी बुडते. ठेकेदाराला कारण सांगावे, तर कामच बुडते. न सांगता कामावर राहावे, तर अट मोडते. कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून अटी बदलता येतात, आणि वर्तन चांगले असल्यास मुचलका मुदतीपूर्वी संपविताही येतो. ही वाट ठाऊक नसल्यामुळे अनेकदा माणूस गप्प राहतो, आणि त्याचे गप्प राहणे हेच पुढे बेपर्वाई म्हणून वाचले जाते.

या ठिकाणी भाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्यासारख्या भाषाप्रेमी मंडळींच्या जिव्हाळ्याचा आहे. हुकमातील अटी आरोपीला समजावून सांगाव्या व त्याची प्रत त्याला द्यावी, असे कायदा स्पष्ट सांगतो. परंतु मुचलका, तामील, हाजिरी, जमानतदार या शब्दांनी भरलेली कचेरीची हिंदी नववीत शाळा सोडलेल्या मराठी मुलाला कितपत कळणार ? तो मान हलवतो आणि सही करतो. मान हलवणे म्हणजे समजणे नव्हे, हे आपण शिक्षक रोज पाहतो. एक प्रश्न उलटा विचारला की उलगडा होतो.

चौथी पायरी चुकीची. अट मोडल्याचे न्यायालयाला पटले, तर नवव्या कलमाप्रमाणे मूळ अपराधाची शिक्षा ताबडतोब सुनावता येते. पहिलीच चूक असेल, तर मुचलका चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याची मुभाही आहे. १९५८ सालच्या पन्नास रुपयांचे मोल आज राहिले नाही. परंतु एक चूक पोटात घालण्याची त्यातली बुद्धी अजून शिळी झालेली नाही.

मुदत नीट पार पडल्यावर काय ? बारावे कलम म्हणते की, परिवीक्षेवर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे अन्य कायद्याने येणारी अपात्रता लागू होत नाही. याचा अर्थ डाग पुसला असा अनेकजण करतात. १९९० साली बक्षीराम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला की, या कलमाने दोषसिद्धी नाहीशी होत नाही आणि ज्या वर्तनामुळे ती झाली त्याबद्दल नोकरीतून काढणेही अडत नाही. चारित्र्यपडताळणीच्या अर्जातील 'कधी दोषी ठरला होता काय' हा रकाना म्हणून त्या मुलाला पुढे अनेक वर्षे भेटत राहतो.

या सर्व पायऱ्यांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट दिसते. प्रत्येक वळणावर त्या मुलाच्या बाजूने बोलणारा, लिहिणारा किंवा नुसता सोबत उभा राहणारा एक माणूस लागतो. ज्याच्या घरी असा माणूस आहे, त्याला अटी हलक्या जातात; ज्याच्या घरी नाही, त्याला त्याच अटी जड होतात. अपराध सारखा, कायदा सारखा, आणि तरी फळ वेगळे. परिवीक्षेचा खरा कच्चा दुवा येथे आहे असे आम्हांस वाटते. १९६४ साली रतनलाल यांच्या खटल्यात सोळा वर्षांच्या मुलासाठी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा लाभ अपिलातही देता येतो असे सांगितले. न्यायालय एवढे करू शकते. पण सुटलेल्या मुलाला काम कोणी द्यावे, त्याच्याशी कोणी बोलावे, हे न्यायालयाच्या हुकमात लिहिता येत नाही.

चौदाव्या कलमात परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत देखरेखीबरोबर गरज पडल्यास काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणेही सांगितले आहे. तेराव्या कलमात तर आणखी महत्त्वाची गोष्ट आहे. परिवीक्षा अधिकारी शासनाने नेमलेला असावा किंवा मान्यताप्राप्त संस्थेने दिलेला असावा. तथापि असाधारण प्रसंगी न्यायालयाला योग्य वाटेल अशी अन्य व्यक्तीही हे काम करू शकते. बॉस्टनच्या त्या जोडेकारागिरासाठी आपल्या कायदेकारांनी जणू एक खुर्ची रिकामी ठेवली आहे.

त्या खुर्चीवर बसण्याची ताकद आपल्यातील प्रत्येकाकडे असेलच असे नाही. परंतु शाळेत कोणी चौकशीला आला, तर 'आमचा आता काही संबंध नाही' असे सांगून त्याला परत न पाठवणे. वहीतली जन्मतारीख काळजीने लिहिणे. मुलाच्या वर्तनाविषयी आपण पाहिले तेवढे, खरे आणि स्वच्छ अक्षरांत लिहून देणे. हुकमाचा कागद घेऊन एखादा जुना विद्यार्थी दारात आला, तर त्याला तो मराठीत वाचून दाखवणे. एवढे आपल्या आवाक्यात निश्चित आहे. पुढील हजेरीची तारीख त्याला स्वतःच्या तोंडून सांगायला लावावी. ती त्याने बरोबर सांगितली, म्हणजे त्या दिवसापुरते आपले काम झाले.