रुग्णाच्या उशाशी बसलेला माणूस : मनाचा ताण आणि शरीरातील दाह



या अहवालाच्या तक्त्यांत खाटा, शस्त्रक्रिया, जमा आणि खर्च यांची नोंद आहे. रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या नातेवाइकाची नोंद मात्र कोणत्याही रकान्यात होत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही या माणसाच्या शरीरात काय घडते, ते आपल्या डॉक्टरांकडून समजून घेऊन येथे मांडीत आहे.

त्यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी माझे वडील परगावच्या एका रुग्णालयात तीन आठवडे होते. त्यांच्यासाठी फळ चिरताना माझे बोट कापले. जखम किरकोळ होती. पण वडील घरी परतले तरी ती पुरती भरली नव्हती. डॉक्टरांनी रक्तातील साखर तपासली. ती योग्य प्रमाणात होती. मग त्यांनी विचारले, "रात्री झोप किती होते?" तो प्रश्न मला तेव्हा अवांतर वाटला. एका माणसाच्या एका जखमेवरून काही सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु त्या प्रश्नामागे शास्त्र होते.

जखम झाली की तेथे लाली, उष्णता, सूज आणि वेदना येते. यालाच वैद्यक 'दाह' म्हणते. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंचा नाश होतो आणि दुरुस्तीला आरंभ होतो. म्हणजे दाह हा मुळात शरीराचा रक्षकच होय. काम संपल्यावर त्याने माघारी जावे, एवढीच अपेक्षा असते.

मनावर ताण आला की मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात. कॉर्टिसॉल एरवी दाहाला आवर घालते. थोड्या वेळाच्या ताणात ही व्यवस्था उपकारक ठरते. ताण आठवडेच्या आठवडे टिकला की मात्र दोन गोष्टी बिघडतात. ताज्या जखमेवर जो दाह वेळेवर हवा, तो मंदावतो. आणि पेशी कॉर्टिसॉलच्या आज्ञेला हळूहळू जुमानेनाशा झाल्याने इतरत्र, जेथे दाहाचे काहीच काम नाही, तेथे तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसत राहतो. असा दीर्घकाळचा दाह हृदयविकार आणि मधुमेह यांना हातभार लावतो.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम करण्यात आली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरून येण्यास सरासरी ९ दिवस अधिक लागले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात वृद्धांच्या रक्तातील 'इंटरल्युकिन-६' हे दाहदर्शक द्रव्य सहा वर्षे मोजले गेले. आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्यांत ते इतरांपेक्षा सुमारे चौपट वेगाने वाढत होते. जोडीदाराच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षे उलटली तरी हा वेग ओसरला नव्हता.

शरीराला शांत करण्याचा मार्गही शरीरातच आहे. मेंदूतून निघून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी 'व्हेगस' नस हृदयाची गती उतरवते आणि दाहालाही आवर घालण्यास साहाय्य करते. श्वास सोडताना तिचा प्रभाव वाढतो. म्हणून चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. मिनिटाला सुमारे सहा श्वास, असे दहा मिनिटे. धाप किंवा चक्कर आल्यास लगेच थांबावे. श्वसनाचा असा विचार आपल्याकडे नवा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. कीकोल्ट-ग्लेझर यांनीच २०१४ साली स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २०० स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा योगाभ्यास केलेल्या स्त्रियांत त्यानंतर तीन महिन्यांनी थकवा आणि दाहदर्शक द्रव्ये इतरांपेक्षा कमी आढळली.

याखेरीज आप्तेष्टांना विनंती अशी की, रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात, जेवणाची वेळ चुकवू नये, दिवसातून एकदा आवाराबाहेर अर्धा तास चालावे आणि मनातील भीती कोणाजवळ तरी बोलावी. हे उपाय औषधांच्या जोडीला आहेत, औषधांऐवजी नाहीत. सुरू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याविना बंद करू नये. तसेच, "तू काळजी केलीस म्हणून आजारी पडलास," असे रुग्णास कोणीही म्हणू नये. तो एक नवा ताणच होतो.

माझ्या टेबलासमोर येणारा सर्वांत मोठा ताण मात्र श्वासाने उतरत नाही. तो बिलाचा असतो. उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीने उपलब्ध असतात. पात्र कुटुंबाने त्याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. त्यात संकोच मानू नये. आणि खर्चाचा अंदाज, डॉक्टरांच्या भेटीची वेळ त्यांना स्पष्टपणे सांगणे, हे आम्हां कर्मचाऱ्यांचे काम आहे. अनिश्चितता जेवढी घटेल, तेवढा ताण घटतो.

देणगीदारांचे दान यंत्रांच्या रूपाने दिसते. त्याच दानातून नातेवाइकासाठी पाठ टेकण्यापुरती जागा, पिण्याचे पाणी आणि रात्री मंद होणारा दिवा मिळाला, तर तेही उपचारच होत. रुग्ण घरी गेल्यावर त्याची काळजी ज्याच्या हातांनी घेतली जाणार आहे, तो माणूस धडधाकट राहिला पाहिजे.



— प्रशासकीय अधिकारी